हिरोशिमाचा एक दिवस

माझी भाची आणि जावई मधुचंद्राला जपानला निघालेत. दहा दिवसांत आठ शहरांची यादी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. म्हटलं, ही सहल आहे की टपालाची फेरी? टोकियो, क्योटो, हिरोशिमा, एवढी तीनच ठेवा. मार्चअखेरीला चेरीचा बहर असतो. टोकियोहून क्योटो शिंकान्सेनने सव्वादोन तासांवर. सात दिवसांचा रेल्वेपास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला. तेव्हा आधी सुट्या तिकिटांचा हिशेब करा.

"पण मामू, मधुचंद्रात हिरोशिमा कशाला?" भाचीने विचारलं.

मी आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांची आठवण दिली. जपानशी लढणाऱ्या चीनमधल्या जखमींच्या सेवेला ते १९३८ मध्ये गेले. १९४१ मध्ये तिथल्याच परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, आजारपणात ते गेले. संसार जेमतेम वर्षभराचा.

पुढे ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्बने हिरोशिमातले असे कितीतरी संसार क्षणात राख केले. श्रोतेहो, आपल्या माणसासाठी हळहळणाऱ्याने त्यांच्यासाठीही हळहळावं.

सकाळी तिथे दुवा मागा, दुपारी बोटीने मियाजिमा बेटावर जा आणि मनसोक्त हसा. नव्या संसाराला दोन्ही लागतं.