दाराची कडी



आज आपण वसईच्या होळीला जमलो आहोत. जवळच बाजार आहे. बाजारात मासळी घेताना आपण काय करतो? कल्ला उचलून बघतो. विकणारी कितीही गोड बोलली, तरी कल्ला लाल आहे की नाही हे बघितल्याशिवाय आपण पैसे काढत नाही. ही पारख आपण आईच्या मागे बाजारात हिंडून शिकलो.

पण माणूस कसा पारखावा, हे आपण आपल्या मुलांना शिकवतो का? पोरगी पंधरा-सोळा वर्षांची झाली की आपण म्हणतो, "कोणाशी बोलायचं नाही." त्यातून ती पारख शिकत नाही. लपवायला मात्र शिकते.

श्रद्धा वालकर हे नाव आपण ऐकले आहे. ती आपल्या वसईची मुलगी. ती ज्याच्याबरोबर राहत होती, त्याच्याविरुद्ध तिने नोव्हेंबर 2020 मध्ये नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. तो मारतो, जिवे मारण्याची धमकी देतो, असे तिने लिहिले. पुढे तिनेच लिहून दिले की आता भांडण उरले नाही. मे 2022 मध्ये दिल्लीत तिचा खून झाला, असे तपासात पुढे आले. त्याच तरुणावर खुनाचा खटला भरण्यात आला. तिचा फोन लागत नाही, हे आधी तिच्या एका मित्राच्या ध्यानात आले होते. त्याने घरच्यांना कळवले आणि मग शोध सुरू झाला.

लोक विचारतात, "तिने तक्रार मागे का घेतली?" आम्हाला हा प्रश्न बरा वाटत नाही. मार खाणारं माणूस एका फटक्यात सुटत नाही. मारणारा दुसऱ्या दिवशी रडतो, पाया पडतो. "तू सोडलंस तर जीव देईन," म्हणतो. मनात भीती असते, तशी मायाही असते. आणि घरी परत जावं तर घरचे काय बोलतील, हा घोर असतोच. म्हणून अशा मुली सुटतात, परत जातात, पुन्हा सुटू बघतात.

श्रद्धा सज्ञान होती, कमावती होती. मग सोळा वर्षांच्या पोरीची काय कथा! म्हणून खुणा आधीच सांगून ठेवाव्यात.

तो तिचा फोन हिसकावून तपासतो. कुठं गेलीस, कोणाशी हसलीस, याचा हिशेब मागतो. मैत्रिणी तोडायला लावतो. फोटो पसरवीन अशी धमकी देतो. हात उगारतो आणि वर म्हणतो, "प्रेम आहे म्हणून राग येतो." बायांनो, हे प्रेम नव्हे. हा धाक आहे. मुलालाही असा जाच होऊ शकतो. तोही लाजेने बोलत नाही.

घरातही खुणा दिसतात. फोन वाजला की पोरगी दचकते. उकाड्यातही लांब बाह्या घालते. मैत्रिणींचे येणे-जाणे बंद होते.

अशा वेळी आपण काय करावे? आधी ओरडू नये. कोंडून ठेवू नये. घाईने लग्न लावू नये. अठराच्या आत मुलीचे लग्न लावणे हा गुन्हाच आहे. जवळ बसवून म्हणावे, "तुझी चूक नाही. आम्ही तुझ्या बाजूला आहोत." धमकीचे निरोप पुसू नयेत, ते पुरावा म्हणून लागतात. संबंध तोडतानाची वेळ सर्वांत धोक्याची असते. "शेवटचं एकदा भेट," असे तो म्हणाला तरी तिला एकटी जाऊ देऊ नये.

कायदाही आपल्या मदतीला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींवर लैंगिक अत्याचार झाला, तर 2012 चा पोक्सो कायदा आहे. पाठलाग करणे हाही गुन्हा आहे. लग्नाशिवाय नवरा-बायकोसारखे एकत्र राहणाऱ्या बाईलाही 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याचे संरक्षण मागता येते. मुलांसाठी 1098, बायकांसाठी 181 आणि जिवावरच बेतले तर 112, हे तीन आकडे पाठ करा. आता तुम्हाला लिहिता येते. भिंतीवर ठळक लिहून ठेवा.

आणि मुलग्यांनाही शिकवा. मुलगी "नाही" म्हणाली, म्हणजे नाही. त्यात कसला अपमान नाही.

शेजारच्या घरातून रडणे ऐकू आले, तर बोभाटा करू नका. पण कानही झाकू नका. जाऊन विचारा.

शेवटी एकच मागणे आहे. आज घरी गेल्यावर लेकीला एवढे सांगा, "तुझं काही चुकलं असं आम्हाला वाटलं, आपलं भांडण झालं, तू रागावून गेलीस, तरी परत ये. रात्री दोन वाजता आलीस तरी कडी निघेल. आधी जेवायला वाढू. बोलायचं ते सकाळी बोलू."