पगारात जादा आलेले पैसे



आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे. हिशेब सरळच सांगतो. एखाद्या महिन्यात पगार चुकून दोनदा जमा झाला, तर तो पैसा आपला नव्हे. करार कायदा 1872 च्या कलम 72 प्रमाणे तो परत करावाच लागतो. लगेच लेखी कळवा, परतफेडीची पोच घ्या.

पण आमच्या ओळखीच्या एका सरकारी शिपाईमामांचे प्रकरण निराळे होते. कार्यालयानेच वेतननिश्चिती चुकवली. सात वर्षे दरमहा थोडे जादा मिळाले, मामांना पत्ताही नव्हता. निवृत्तीला आठ महिने उरले असताना एकरकमी वसुलीचे पत्र आले. घराचे हप्ते अजून चालूच!

सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 रोजी रफीक मसीह खटल्यात सांगितले आहे, की तृतीय व चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळालेले, यांच्याकडून अशी वसुली करता येणार नाही. लबाडी करणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. आम्ही निकालाची प्रत जोडून मामांचा अर्ज लिहिला. वसुली थांबली.

एक धोका ध्यानात ठेवा. 2016 च्या जगदेव सिंग प्रकरणात अधिकाऱ्याने ‘जादा रक्कम परत करीन’ असे हमीपत्र दिलेले होते, म्हणून वसुली कायम राहिली. आपल्या सीमाभागात कानडी-इंग्रजी कागद न वाचताच सही होते. तेव्हा आधी वाचून घ्या, मग सही करा. अडले तर आमच्याकडे या.