मग, आता?

२०२४ च्या उन्हाळ्यात माझी मुलगी पदवीधर झाली. निकाल मोबाइलवर आला. त्याला पाच मिनिटंही झाली नसतील, तोच शेजारच्या काकांनी ओट्यावरून विचारलं, ''अभिनंदन बेटा! मग, आता?''

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मला मात्र हसू आलं. कारण हे दोन शब्द माझ्या फार जुन्या ओळखीचे आहेत. माझी आणि त्यांची गाठ १९९३ साली पडली होती.

नंतरचे काही आठवडे मी तिची धडपड बघत होतो. अर्ज भरायचा तर फोटो पन्नास केबीच्या आत हवा. तो आत बसवला की चेहरा ओळखू येत नाही. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, त्यामुळे संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या मुली. ओटीपी येतो, पण मुदत संपल्यावर. दिवसा साइट चालत नाही म्हणून ही रात्री बारापर्यंत जागी. एका रात्री वैतागून म्हणाली, ''अब्बू, तुमच्या वेळी बरं होतं. कागद नेऊन दिला की काम झालं!''

तुमच्या वेळी बरं होतं! तेव्हाच ठरवलं की एकदा बसून त्या वेळची हकीकत सांगायची. आज तुम्हालाही सांगतो.

आमचं गाव सावदा. केळीचं गाव. घरात आमची खानदेशी वळणाची हिंदी, गल्लीत लेवा बोली आणि वर्गात पुस्तकी मराठी, असा मी तीन भाषांत वाढलो आणि तिसरीच्या प्रेमात पडलो. शेजारच्या फैजपूरला, म्हणजे १९३६ साली जिथं काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं त्या फैजपूरला, कॉलेजात जाऊन मराठी घेऊन बी.ए. झालो. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं १९९० साली आणि मी पदवीधर झालो १९९३ साली. म्हणजे विद्यापीठही नवं आणि मीही नवा. दोघांनाही कोणी फारसं ओळखत नव्हतं.

अब्बा पिंजारी. दुकानात धनुष्यासारखं मोठं पिंजण टांगलेलं असायचं. त्याच्या तातीवर मुठळ्याचा ठोका पडला की टणण्ण असा आवाज व्हायचा आणि कापूस ढगासारखा वर उडायचा. दिवाळी ते संक्रांत हा गाद्या-रजयांचा हंगाम. त्या दिवसांत अब्बांच्या भुवया, मिशा, पापण्या सगळं पांढरं. आम्हा पोरांना त्याची गंमत वाटायची. पण रात्री खोकल्याची उबळ आली की ते उठून बसायचे आणि पहाटेपर्यंत तसेच बसून राहायचे. मला त्यांनी पिंजणाला कधी हात लावू दिला नाही. म्हणायचे, ''ये रुई तेरी छाती में नई जाना, इसके वास्ते तेरे को पढाया.''

निकालाच्या दिवशी त्यांनी गुणपत्रिका हातात घेतली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ''अच्छा है. अब?''

बघा, हिंदीतही तेच!

त्यानंतर गावानं हा प्रश्न उचलून धरला. न्हावी वस्तरा गळ्याशी आणून विचारायचा, ''मग, आता?'' एसटीचा कंडक्टर तिकीट फाडता फाडता विचारायचा. गल्लीतला कोणी भेटला की त्याचं आपलं वेगळं, ''काय भाऊ, लागला का कुठी?'' हे ऐकलं की मला मी नोकरीला नाही, तर कोणाच्या शापाला लागायचा राहिलोय असं वाटायचं.

नोकरीच्या अर्जाला गुणपत्रिकेची खरी नक्कल जोडावी लागे आणि तिच्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का लागे. आता स्वतःच सही करून चालतं. तेव्हा आपण आपणच आहोत हे दुसऱ्यानं सांगावं लागायचं. चौकशी करता करता मला असे एक अधिकारी सापडले. ते गुरांचे डॉक्टर होते. आमच्याकडचा गुरांचा बाजार मोठा, त्यामुळे दवाखान्यात गर्दी. मी गुणपत्रिका छातीशी धरून रांगेत उभा. पुढे एक म्हैस, मागे एक गोऱ्हा. डॉक्टर भले गृहस्थ. म्हणाले, ''आधी म्हैस, मग तुम्ही. तिला उभं राहवत नाही.'' म्हशीचं झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि माझे पाच कागद पाहून सह्या केल्या. शेवटचा शिक्का मारताना विचारलं, ''बी.ए.? मग, आता?'' मागच्या गोऱ्ह्यानंही मान हलवली.

मग पोस्टल ऑर्डर, स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट आणि अर्ज, असा संसार दर आठवड्याला पोस्टाच्या पेटीत पडायचा. त्या वर्षात मी स्वतःच्या अक्षरात स्वतःलाच किती पाकिटं लिहिली असतील! त्यातली काही परत यायची. पोस्टमन सायकलची घंटी वाजवायचा, मी धावायचो, अक्षर ओळखीचं दिसायचं. आत छापील चिठ्ठी असायची. बहुतेक ठिकाणी एकच हरकत : अनुभव नाही.

या अनुभवाचा मी फार विचार केला. आमच्या गावची केळी घडासकट कापली जाते ती हिरवीगार, कच्ची. तेव्हा ती रेल्वेच्या वॅगनमधून दिल्लीला जायची आणि तिकडे पोचल्यावर पिकायची. वॅगन भरताना तिला कोणी विचारत नाही की बाई, तुला पिकण्याचा पूर्वानुभव आहे का? ती पिकणार, असा व्यापाऱ्याचा भरवसा असतो. माणसांच्या बाबतीत एवढा भरवसा ठेवणारा व्यापारी मला त्या वर्षी भेटला नाही.

एकदा मात्र मुलाखतीचं बोलावणं आलं. जिल्ह्यातल्याच एका शाळेत मराठी शिकवायची चार महिन्यांची हंगामी जागा होती. अम्मीनं दह्यावर साखर ठेवली. अब्बांनी स्वतःचा ईदचा शर्ट दिला. तो मला दोन बोटं मोठा होता, पण अब्बा म्हणाले, ''बडा ही अच्छा, साहब दिखता.''

टेबलामागे तिघेजण बसले होते. मधल्या गृहस्थांनी अर्जावरचं नाव वाचलं आणि अगदी सहानुभूतीनं म्हणाले, ''अहो, आमच्याकडे उर्दूची जागा नाही हो.''

मी म्हणालो, ''सर, मी मराठीचा आहे.''

''मराठीचा?'' त्यांनी चष्मा पुसला. ''बरं, मग काहीतरी म्हणून दाखवा.''

मी पसायदान म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिघंही खरोखर खूश झाले. चहा मागवला, बिस्किटं मागवली. निघताना त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ''तुम्ही मराठी फार छान बोलता हो!''

जागा दुसऱ्याला मिळाली. त्याच्याकडे बी.एड. होतं, माझ्याकडे नव्हतं, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. गाडी तापीच्या पुलावर आली तेव्हा मला त्याचं उत्तर सुचलं : ''सर, तुम्हीसुद्धा छान बोलता!'' चांगली उत्तरं नेहमी परतीच्या एसटीत सुचतात. बामणोद येईपर्यंत आणखी एक सुचलं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला, तेव्हा त्यांची मुलाखत कोणी घेतली होती? पण हे ऐकायला शेजारी एक भरताच्या वांग्यांची टोपली घेतलेले बाबा तेवढे होते, आणि त्यांना झोप लागली होती.

घरी आल्यावर अब्बांनी काही विचारलं नाही. शर्टाची घडी घालून पेटीत ठेवली.

त्या पावसाळ्यात आम्हा पाच पदवीधरांचं एक मंडळ जमलं होतं. वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, सगळेच पूर्णवेळ कार्यकर्ते. एक दिवस ठरलं, सायकलींवर हतनूरचं धरण बघायला जायचं. तापी-पूर्णेचा संगम ओलांडून आलेलं पाणी तिथं अडवलंय. सायकली तीन, माणसं पाच. वाटेत पंक्चर दोन. पंक्चर काढायला पैसे एकाकडे, आणि तो मधेच रुसून बसलेला, कारण कोणीतरी त्याला 'अर्थमंत्री' म्हटलं होतं. पोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता आणि धरणाचे दरवाजे उघडलेले होते. लाल पाणी असं काही धावत सुटलं होतं की आम्ही पाचही जण गप्प झालो.

आमच्यातल्या बी.एस्सी.वाल्यानं दरवाजे मोजले. म्हणाला, ''एक्केचाळीस.'' थोड्या वेळानं दुसरा म्हणाला, ''एक्केचाळीस दरवाजे आहेत, आणि आपल्याला एक उघडत नाही.'' आम्ही इतके हसलो, इतके हसलो, की एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाऊस होता म्हणून ते कोणाला दिसलं नाही असं त्याला वाटलं. तो मी होतो.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एक लेवा आजी दुकानात आल्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. हातात चुरगाळलेला कागद. म्हणाल्या, ''भाऊ, तू शिकेल हाये ना? मंग माह्या एवढा कागद वाच.''

तो संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज होता. कोणीतरी दिला होता, पण भरून दिला नव्हता. मी भरला. तलाठ्याचा दाखला काढला. त्यांना घेऊन दोनदा एसटीनं रावेरला तहसील कचेरीत गेलो. पहिल्यांदा अंगठा चुकीच्या रकान्यात पडला म्हणून, दुसऱ्यांदा तो बरोबर रकान्यात पाडायला. आणि गंमत सांगतो, कचेरीत मी घाबरलो नाही. स्वतःच्या अर्जापायी वर्षभर ज्या टेबलांसमोर माझी बोबडी वळायची, तिथं दुसऱ्याच्या अर्जासाठी मी चांगला खणखणीत बोललो.

मग बातमी पसरली. रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचंय, सोसायटीच्या कर्जाचा कागद आलाय, मनीऑर्डरवर दोन ओळी लिहायच्यात. माणसं यायला लागली. अब्बांनी कुठूनसं एक जुनं टेबल आणलं आणि दुकानाच्या अगदी दाराशी, वाऱ्याच्या बाजूला ठेवलं. पिंजणापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं. ''इधर बैठ,'' म्हणाले. ''रुई इधर नई आती.''

काही महिन्यांनी आजी पुन्हा आल्या. पैसे सुरू झाले होते. पदरात बांधून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगा त्यांनी टेबलावर ओतल्या आणि दोन रुपयांची एक नोट माझ्या हातात कोंबली. मी नको नको म्हणत होतो. आतून अब्बांचा आवाज आला, ''रख ले बेटा. पहली पगार है.''

ते बाहेर आले. माझ्या हातातली नोट घेतली, कपाळाला लावली आणि गल्ल्यात टाकली. म्हणाले, ''घरखर्च.''

श्रोतेहो, पुढे मला मोठी नोकरी लागली असं सांगता आलं असतं तर हे भाषण छान संपलं असतं. तसं झालं नाही. १९९९ साली अब्बा गेले. छातीनंच गेले. ज्या दुकानापासून त्यांनी मला लांब ठेवलं, तेच मी चालवायला घेतलं. आता कापूस यंत्रावर पिंजला जातो आणि मी तोंडाला फडकं बांधतो. त्यांना हे आवडलं असतं का? मला माहीत आहे, आवडलं नसतं. ही रुखरुख माझ्या कवितांत उतरली असेल तर असेल. तिच्यावर दुसरा इलाज मला सापडला नाही. पण दाराजवळचं टेबल मी हलवलं नाही.

२०१८ साली आमच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. शाळेची पायरी न चढलेली आसोद्याची ती बाई. आज जिल्ह्यातल्या हजारो पदव्यांवर तिचं नाव छापलं जातं. माझ्या मुलीच्या गुणपत्रिकेवरही आहे. ते नाव बघताना मला अब्बा आठवतात, गुणपत्रिका उलटसुलट करून बघणारे.

त्याच २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणीचे अर्ज सुरू झाले. गल्लीतल्या बायका मोबाइल आणि आधारकार्ड घेऊन दुकानासमोर उभ्या राहिल्या. माझी मुलगी त्या टेबलाशी बसली. स्वतःच्या अर्जाला रडकुंडीला येणारी ही पोर, दुसऱ्यांचा ओटीपी मुदतीच्या आत टिपत होती, फोटो केबीत बसवत होती. ''मावशी, डोळे मिटू नका,'' असं दटावत होती. आठ-दहा दिवस हे चाललं.

एका संध्याकाळी एका मावशींनी तिच्या हातात वीस रुपये कोंबले. ती नको नको म्हणायला लागली. मी आत रजई शिवत होतो. तोंडावरचं फडकं खाली केलं आणि म्हणालो, ''रख ले बेटा. पहली पगार है.''

तिनं मागे वळून विचारलं, ''मग, आता?''

मी म्हणालो, ''आता पुढचा फॉर्म घे. रांग बघ केवढी आहे.''