माफीनाम्यावर सही करण्यापूर्वी

(नाशिक येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेले भाषण)



आज मी माझ्याच चुकीपासून सुरुवात करते. एम.एस.डब्ल्यू. करून मी नुकतीच कामाला लागले होते. सिन्नरकडची एक बाई आमच्याकडे आली. मार खाऊन माहेरी आलेली, पदरात दोन मुलं. तिला परत नांदायला जायचं होतं. बैठकीत सासरचे म्हणाले, "आधी हिनं माफी लिहून द्यावी." मीच तिला म्हटलं, "दे गं लिहून, दोन ओळींनी काय बिघडतं?" तिनं लिहिलं, "मी उलट बोलले, न सांगता घर सोडलं, माझं चुकलं." दीड वर्षानं नवऱ्यानं घटस्फोटाचा दावा लावला. अर्जाला जोडलेला पहिला कागद तोच होता.

कायदा काय म्हणतो? 1872 चा पुरावा कायदा जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण तत्त्व तेच राहिलं. स्वतःविरुद्ध जाणारं लेखी विधान दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून येऊ शकतं. मात्र तो शेवटचा शब्द नसतो. कोणत्या दबावाखाली लिहिलं, हे बाई कोर्टाला सांगू शकते. उलट, पोलिसांपुढे दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. म्हणून चौकीत नवऱ्यानं लिहिलेल्या माफीनाम्याच्या भरवशावर फौजदारी केस सोडू नका.

माफ करण्यालाही कायद्यात अर्थ आहे. पुण्यात लग्न झालेल्या दास्ताने पती-पत्नींच्या खटल्यात 1975 साली सर्वोच्च न्यायालयानं बायकोची वागणूक क्रूर ठरवली, त्यासाठी तिची पत्रंही वाचली. पण नंतर एकत्र राहून नवऱ्यानं ती माफ केली, म्हणून त्याची मागणी फेटाळली. अशी माफी सशर्त असते, पुन्हा छळ झाला तर जुनी तक्रार जिवंत होते, हेही सांगितलं. नवऱ्याला माफ करून परतणाऱ्या बाईनं हे लक्षात ठेवावं.

आणि समाज? बाई दिवसातून दहादा "चुकलं" म्हणते, ते उगारलेला हात खाली यावा म्हणून. पुरुषानं माफी मागितली की मनाचा मोठेपणा, बाईनं मागितली की गुन्ह्याची कबुली!

त्या बाईकडे जाऊन मी माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, तुमचं चुकलं होतं म्हणून तुम्ही मागताय. मी मागितली ती पोरांसाठी."

तेव्हापासून आम्ही समेटाच्या कागदावर कुणाचं चुकलं ते लिहीत नाही. पुढं काय करायचं ते लिहितो: मारहाण नाही, घरखर्च किती, मुलांची शाळा कुठं. सासरचे अडूनच बसले, तर 'हा मजकूर पुरावा म्हणून वापरायचा नाही' ही अट त्याच कागदावर घालून दोघांच्या सह्या घेतो. दिवाणी दाव्यात कायदा अशी अट मानतो. एक प्रत बाईच्या हातात देतो. आणि सहीआधी सगळा कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवतो. तिला पटला नाही, तर सही नाही.