साठी आणि बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण किती सहज वापरतो! कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधणाऱ्या आजोबांकडे पाहून ती हसत हसत म्हटली जाते. परंतु ज्या घरातील आई एके दिवशी पोटच्या मुलालाच “आपण कोण?” असे विचारते, त्या घरात ती कोणी उच्चारीत नाही. पहिला वयाचा विसर; दुसरा रोग, स्मृतिभ्रंश. साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख भारतीयांना तो असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचा अंदाज आहे.

मेंदूचे काम विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी चालते. मग बाहेरून वीज देऊन ते सुधारता येईल काय? बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात प्रवाह निर्माण होतो, हे फॅरडेने १८३१ साली दाखविले. त्याच तत्त्वावर १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेचे वेटोळे डोक्याजवळ धरले आणि माणसाच्या हाताचे स्नायू हलले. कवटीला छिद्र नाही, शस्त्रक्रिया नाही! दुसरी रीत आणखी सौम्य आहे: डोक्याच्या त्वचेवरून एकदोन मिलिअँपिअरचा क्षीण प्रवाह सोडणे.

२०१९ साली बोस्टन येथील संशोधकांनी ही सौम्य रीत ६० ते ७६ वर्षांच्या निरोगी माणसांवर वापरली. एक चित्र पाहायचे, ते क्षणभर मनात धरायचे आणि नंतर दाखविलेले चित्र तेच की किंचित बदललेले, हे सांगायचे. मेंदूच्या दोन भागांतील लयींचा मेळ साधणारा प्रवाह २५ मिनिटे दिल्यावर ही मंडळी विशीतल्या तरुणांच्या बरोबरीने उत्तरे देऊ लागली. प्रयोग चालला तोवर, म्हणजे पाऊण तासाहून अधिक वेळ, तो परिणाम टिकला. तेव्हा बुद्धी नाठी झाली नव्हती. तिचा ताल तेवढा चुकला होता!

परंतु हे झाले निरोगी माणसांचे. खुद्द रोग्यांचे काय? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या रोममधील एका प्रयोगात अल्झायमरच्या ५० रुग्णांना २४ आठवडे उपचार देण्यात आले. निम्म्यांना खरी चुंबकीय स्पंदने, निम्म्यांना केवळ यंत्राचे सोंग. हे सोंग कशाला? आठवड्याला कोणी आस्थेने विचारपूस केली, तरी रुग्णाला आणि आप्तांना बरे वाटते. त्या वाटण्यातून उपचाराचा खरा गुण निवडून काढावा लागतो. सोंगाच्या गटातील रुग्ण खालावत गेले. खऱ्या उपचाराच्या गटातील बहुतांशी होते तेथेच राहिले. गेलेली स्मृती परत आली नाही. घसरण तेवढी थोपली. पन्नास रुग्णांवरून शेकडो घरांना आश्वासन देता येत नाही, हेही खरे.

म्हणून बाजारात मिळणारी यंत्रे आईच्या डोक्याला स्वतः लावू नयेत. मात्र वाढते विस्मरण वयावर ढकलून स्वस्थही बसू नये. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाचे औदासीन्य, यांनीही स्मृती मंदावते. आणि त्यांवर इलाज आहेत. डॉक्टरांकडे वेळीच जावे, ते याचसाठी.

संशोधन आपल्या गतीने चालेल. तोवर “आपण कोण?” या प्रश्नाला रोज नव्याने, न रागावता उत्तर देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे, आणि ती म्हण मात्र आता आपणच विसरावी.