वाढते नगर आणि पाण्याचा जमाखर्च



वसंत ऋतूतल्या या ज्ञानसत्रात कोणी काव्यावर बोलतो, कोणी इतिहासावर, कोणी तत्त्वज्ञानावर. मी मात्र आपल्यापुढे नळ आणि गटारे घेऊन उभा आहे. विषय रुक्ष आहे हे मी आधीच कबूल करतो. पण ज्या दिवशी सकाळी नळाला पाणी येत नाही, किंवा जिन्याखालचे चेंबर तुंबून अंगणात वाहू लागते, त्या दिवशी या विषयाइतका जिव्हाळ्याचा दुसरा विषय घरात नसतो! तेव्हा तासभर आपण हा रुक्षपणा सोसावा, एवढी माझी विनंती आहे.

आरंभ आपल्याच गावापासून करू. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावापासून बंदिस्त नळाने पाणी पुण्यात आणले आणि ठिकठिकाणच्या हौदांत सोडले. त्या व्यवस्थेत एक मोठा गुण होता. हौद डोळ्यांसमोर असे. पाणी किती आले, किती उपसले गेले, पातळी किती खाली गेली, हे घागर घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला दिसत असे. गावाच्या पाण्याचा जमाखर्च चौकात उघडा मांडलेला होता म्हणा ना! पुढे १८७९ साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले, घरोघर नळ आले, मोठी सोय झाली. पण जमाखर्च मात्र जमिनीखाली गेला. आता तोटी फिरवली की पाणी येते. ते कुठून येते, अजून किती जणांना पुरेल आणि वापरल्यावर कुठे जाते, हे पाहण्याची आपली सवय मोडली. आज मला जे सांगायचे आहे, ते या हरवलेल्या जमाखर्चाबद्दल आहे.

हल्ली नगरे घराघराने वाढत नाहीत. ती वसाहतींनी वाढतात. शे-दीडशे एकर जमीन घ्यायची, दहा हजार सदनिकांचा आराखडा करायचा आणि चार-पाच टप्प्यांत पंधरा वर्षे बांधीत जायचे, अशी रीत पडली आहे. रीत वाईट नाही. एकदम एवढे भांडवल कोणाजवळ नसते, आणि एकदम एवढी माणसेही राहायला येत नाहीत. पण टप्प्याटप्प्याने बांधलेली घरे आणि एकदाच पुरायची नळ-गटारे यांचा मेळ घालणे हे अवघड काम आहे. पुष्कळ ठिकाणी फसगत होते ती इथेच.

माझ्या परिचयाची एक वसाहत आहे. तिचे नाव सांगत नाही. पहिल्या टप्प्यातली मंडळी राहायला गेली तेव्हा पाणी चोवीस तास, आणि तेही वरच्या मजल्यापर्यंत जोराचे. मंडळी खूष! तीन वर्षांनी दुसरा टप्पा भरला, तेव्हा पाणी दोन वेळा येऊ लागले. तिसरा टप्पा भरला आणि दाराशी टँकर उभा राहिला. जुने रहिवासी म्हणू लागले, नव्यांनी आमचे पाणी पळवले. नवे म्हणू लागले, आम्हीही पुरे पैसे मोजले आहेत. शेजाऱ्याशेजाऱ्यांत बोलणे बंद झाले. खरे पाहता दोघेही निरपराधी होते. पहिल्या तीन वर्षांत जे भरपूर पाणी वाटले ते मुळात त्यांचे नव्हतेच. पुढे येणाऱ्यांचे पाणी ते तोवर वापरीत होते. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

आता थोडे आकडे मांडतो. घाबरू नका, शाळेतल्या गुणाकाराच्या पलीकडचे गणित यात नाही. मैलावाहिन्या असलेल्या गावासाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरावे, असा आपल्याकडे सरकारी नियमपुस्तिकेचा दंडक आहे. दहा हजार सदनिका, दर घरी पाच माणसे, म्हणजे पन्नास हजार वस्ती. रोजचे पाणी झाले साडेसदुसष्ट लाख लिटर. यातले सुमारे ऐंशी टक्के मोऱ्या-संडासांवाटे परत येते, म्हणजे मैलापाणी चौपन्न लाख लिटर. पण ते दिवसभर सारखे वाहत नाही. सकाळी सहा ते नऊ सारे गाव एकदम स्नान करते! म्हणून एवढ्या वस्तीच्या वाहिनीची रचना सरासरीच्या अडीचपट प्रवाहासाठी करावी लागते. तो प्रवाह सेकंदाला सुमारे १५६ लिटर भरतो.

पण पहिल्या वर्षी तिथे राहायला येतात पाचशे कुटुंबे. लहान वस्तीत चढउतार अधिक असतो म्हणून सरासरीच्या तिप्पट धरले, तरी त्यांचा सकाळचा प्रवाह सेकंदाला साडेनऊ लिटरांच्या आतच राहतो. म्हणजे त्याच वाहिनीतून पहिल्या वर्षी साडेनऊ लिटर आणि पंधराव्या वर्षी दीडशेच्या वर लिटर वाहायचे आहे. इथेच इंजिनियरची कसोटी आहे. वाहिनी लहान घातली तर पाचव्या वर्षी तुंबेल. मोठी घातली तर सुरुवातीला तळाशी पाण्याची नुसती रेघ वाहील. मैला वाहून न्यायला प्रवाहाला सेकंदाला निदान साठ सेंटिमीटर वेग लागतो. तो मिळाला नाही तर गाळ साचतो, कुजतो, आणि त्यातून निघणारा वायू सिमेंटच्या नळाचा माथा आतून खाऊन टाकतो.

मग लहान घालावी की मोठी? याचे उत्तर निसर्गानेच सोपे करून ठेवले आहे. नळाचा व्यास दुप्पट केला तर, उतार तोच असताना, त्याची वाहून नेण्याची शक्ती सहापटीहून अधिक होते. खर्च मात्र सहापट होत नाही. कारण खणणे, बुजवणे आणि रस्ता पुन्हा करणे याचाच खर्च त्यात मोठा असतो. शिवाय वस्ती झाल्यावर तोच रस्ता पुन्हा उकरायचा म्हणजे खर्च तर वाढतोच, लोकांचे हालही होतात. म्हणून सूत्र असे ठरते: जे जमिनीत पुरायचे ते शेवटच्या घरासाठी, आणि जे जमिनीवर उभारायचे ते पुढच्या टप्प्यासाठी. वाहिनी शेवटच्या माणसाचा विचार करून घाला. सुरुवातीची काही वर्षे ती वेळोवेळी पाणी सोडून धुवा, उतार चांगला ठेवा. पंप आणि शुद्धीकरण केंद्र मात्र भागाभागाने वाढवा. नियमपुस्तिकाही हेच सांगते. धरणाचा विचार पन्नास वर्षांचा, नळांचा तीस वर्षांचा, पंपाच्या यंत्रांचा पंधरा वर्षांचा. प्रत्येक वस्तूचे आयुष्य वेगळे, म्हणून प्रत्येकीचे पंचांगही वेगळे!

हे शहाणपण नवे नाही. मुंबईला पाणी देणारे तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले. ते बांधतानाच पुढे भिंत उंच करता येईल अशा बेताने पाया रुंद घेतला होता, आणि १९१५, १९२५ व १९४८ अशा पुढच्या टप्प्यांनी तानसाचे पाणी वाढवीत नेले. पाया एकदाच, भिंत गरजेप्रमाणे! ज्यांनी तो पाया घातला, त्यांनी न पाहिलेल्या नातवंडांचा हिशेब केला होता.

दुसरे उदाहरण नव्या मुंबईचे. मुंबईच्या पलीकडच्या किनाऱ्यावर जुळे नगर वसवावे ही कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर वीस लाखांचे नगर टप्प्याटप्प्याने वसवण्याचे काम सुरू झाले. तिथली जमीन खाडीकाठची, सखल. भरतीच्या वेळी पाऊस आला तर पाणी जायला वाट नाही. म्हणून विभागाविभागात धारण-तलाव आखले: भरती असेतो पावसाचे पाणी तिथे थांबायचे, ओहोटी लागली की दरवाजे उघडून खाडीत जायचे. ही दूरदृष्टी वाखाणण्यासारखी आहे. पुढे उत्तरेच्या भागातील महानगरपालिकेने खालापूरजवळचे मोरबे धरण विकत घेतले आणि तो भाग पाण्याच्या बाबतीत बराच निश्चिंत झाला. पण त्याच नगराच्या दक्षिणेकडच्या खारघरसारख्या वसाहती हेटवणे व इतर योजनांच्या वाटून येणाऱ्या पाण्यावर वाढल्या, आणि तिथल्या रहिवाशांना उन्हाळ्यात टंचाई सोसावी लागली. नगर एक, आराखडा एक. पण एका टप्प्याने आपले पाणी आधी बांधून घेतले आणि दुसऱ्यात घरे पाण्याच्या पुढे धावली.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. क्षमता म्हणजे काय, हा प्रश्न विचारला की कचेरीतून बहुधा एक उत्तर मिळते. समजा, शुद्धीकरण केंद्राची शक्ती रोज शंभर लाख लिटरांची आहे आणि आज तिथे सत्तर लाख लिटर येते. उत्तर मिळते: तीस लाख शिल्लक. त्या शिलकीवर नव्या वसाहतीला परवानगी दिली जाते. पण श्रोतेहो, ज्यांना परवानगी मिळाली आहे पण ज्यांची घरे अजून उठायची आहेत, त्यांचे पंचेचाळीस लाख कुठे धरले? पेढीवर शिल्लक तीस दिसते आणि बाजारात पंचेचाळिसाच्या हुंड्या फिरत आहेत, अशा सावकाराला आपण श्रीमंत म्हणू का? त्याचे दिवाळे निघालेलेच आहे. फक्त हुंड्यांची मुदत भरायची आहे. म्हणून दोन खाती वेगळी ठेवली पाहिजेत: एक वापरलेल्या क्षमतेचे, दुसरे वचन दिलेल्या क्षमतेचे. नवी परवानगी द्यायची ती दुसरे खाते पाहून. टप्प्यांच्या वसाहतीत हे विशेष महत्त्वाचे, कारण तिथे वचन आज दिले जाते आणि ते फेडायचे असते दहा वर्षांनी, जेव्हा वचन देणारा अधिकारी निवृत्त झालेला असतो.

आणखी एक अडचण सांगतो. पाणी वरून खाली येते, म्हणून गटार नेहमी तोंडापासून वर बांधत जावे लागते. पण घरे बांधणारा मोक्याच्या, उंच जागेपासून आरंभ करतो, आणि नाल्याकडची सखल जमीन शेवटच्या टप्प्यासाठी ठेवतो. मग पहिल्या टप्प्याची गटारे जायची कोठून? शेवटच्या टप्प्याच्या मोकळ्या जमिनीतून. तिथे वाट राखून ठेवली नाही, की तात्पुरती टाकी येते, तात्पुरता पंप येतो आणि बघता बघता मैला ओढ्यात जाऊ लागतो. आपल्याकडे तात्पुरत्याइतके चिरस्थायी दुसरे काही नाही!

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की शेवटच्या घराची वाहिनी पहिल्या रहिवाशांनी आपल्या पैशाने का घालावी? आक्षेप न्याय्य आहे. त्यांनी घालूच नये. तो पैसा आधी नगरसंस्थेने किंवा वसाहत बांधणाऱ्याने गुंतवावा आणि येणाऱ्या प्रत्येक टप्प्याकडून त्याच्या वाट्याप्रमाणे वसूल करावा. दुसरा आक्षेप असा, की पाण्यासाठी परवानग्या अडवल्या तर घरे महागतील आणि बेकायदा वस्त्या वाढतील. यातही तथ्य आहे. म्हणून माझे म्हणणे परवानग्या बंद करा असे नाही. प्रत्येक टप्प्याचा भोगवट्याचा दाखला त्या टप्प्याच्या पाण्याशी आणि मैलापाण्याशी बांधा, एवढेच. भिंती उभ्या राहोत. पण नळात पाणी आणि गटाराला तोंड असल्याखेरीज तिथे कुटुंब राहायला जाऊ नये.

आणि कितीही सढळ हाताने बांधले तरी ते कायमचे पुरत नाही, हेही ध्यानात ठेवा. १८५८ साली थेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनची पार्लमेंट हैराण झाली, तेव्हा जोसेफ बाझलगेटने त्या शहराखाली विटांच्या प्रचंड गटारांचे जाळे घातले. ते दीडशे वर्षांहून अधिक काळ कामी येत आहे. पण शहर वाढले, पावसाचे पाणी त्याच गटारांत येत राहिले, मैला पुन्हा थेम्समध्ये सांडू लागला. आणि अखेर नदीच्या कडेने पंचवीस किलोमीटरचा नवा बोगदा खणावा लागला. तो २०२५ साली पूर्णपणे जोडला गेला. उत्तम रचनेलाही शेवटचा दिवस असतो. तो येण्यापूर्वी ओळखणे हेच नियोजन.

आपल्या पुण्याला हे सारे लागू आहे. २०१७ साली अकरा आणि २०२१ साली तेवीस गावे महानगरपालिकेत आली. त्यांतली दोन नंतर वेगळीही झाली. पण खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणे तीच, आणि त्यांच्या पाण्यावर दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याचाही हक्क आहे. हद्द कागदावर वाढवता येते, पाणी कागदावर वाढत नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, नवे घर घ्यायला जाल तेव्हा फरशी आणि रंग जरूर पाहा. पण तीन प्रश्नही विचारा. वसाहत पूर्ण भरेल त्या दिवशी माझ्या वाट्याला किती पाणी येईल? माझे मैलापाणी कोणत्या केंद्रात जाईल आणि ते केंद्र आज उभे आहे का? आणि त्याच नळावर व त्याच केंद्रावर अजून कोणाकोणाला वचन दिलेले आहे? नगरसेवकाला विचारा, बांधणाऱ्याला विचारा. आकडे दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत असा आग्रह धरा. पेशवाईतल्या हौदाची पातळी सर्वांना दिसत असे. आजच्या हौदाचीही ती दिसली पाहिजे. जमाखर्च चौकात आला, की शेजाऱ्याशेजाऱ्यांतली पुष्कळ भांडणे आपोआप मिटतील. कारण पाणी कोणी पळवले हा प्रश्न उरणार नाही, ते कोणाला देऊ केले होते हेच सर्वांना ठाऊक असेल.