गाडी आईच्या नावावर, हँडल नवशिक्याच्या हातात



आपल्या मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ आणि कल्याण ग्रामीण भागातल्या गटांमध्ये कर्जमागणीचे अर्ज वाचताना पूर्वी ठरलेली कारणं दिसायची. शेळ्या, शिलाई मशीन, भातलावणी, दवाखाना, मुलीचं लग्न. आता त्यात स्कूटी आली. मला तर त्याचा आनंदच आहे. ज्या बाईला बाजाराला जायचं तर टमटमची नाहीतर एसटीची वाट बघत फाट्यावर तासभर उभं राहावं लागायचं, ती आता भाजीची टोपली पुढे ठेवून स्वतः निघते. ताक, पापड, मसाला वेळेवर गिऱ्हाइकाकडे पोचतो.

पण गाडी कोणाच्या नावावर आणि चालवतं कोण, हे विचारलं की बायका हसतात. कर्ज गटाचं, म्हणून गाडी आईच्या नावावर. आईला चालवता येत नाही, किंवा येते पण लायसन्स काढलेलं नाही. चावी असते अकरावी-बारावीतल्या मुलाकडे. एक मावशी मला म्हणाल्या, "अगं, तो लहान असल्यापासून चालवतोय, हात बसलाय त्याचा." हात बसला असेल, मावशी. पण कायदा हात बघत नाही, आधी वय बघतो आणि मग आरसी बुकावरचं नाव बघतो. ते नाव तुमचं आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि कलम १९९ क नव्याने आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर त्याचा पालक आणि गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही, कच्चंही नाही.

यातलं २५ हजार ऐकून बायकांचे डोळे मोठे होतात. मला त्यातला सगळ्यात जड भाग शेवटचा वाटतो. दंड काय, चार जणींकडून उसने घेऊन भरता येतो. पण आपल्याकडचा मुलगा बारावीनंतर काय करतो? कोणी मुरबाडच्या एमआयडीसीत जातो, कोणी कल्याण-डोंबिवलीत घरपोच सामान द्यायचं काम धरतो, कोणी टेम्पो चालवतो, कोणी एसटीत चालक व्हायची वाट बघतो. यातल्या निम्म्या कामांना लायसन्स लागतं. सतराव्या वर्षी सापडला तर पुढची आठ वर्षं ही सगळी दारं बंद. ही शिक्षा कडक आहे असं मलाही वाटतं. पण ती आहे, आणि आपल्याला ती माहीत असायला हवी.

आता कोणी म्हणेल, मी कोर्टात सांगेन, मला माहीतच नव्हतं, त्याने चावी गुपचूप नेली. कायद्यात तशी सवलत आहे. गुन्हा तुमच्या नकळत झाला, किंवा तो होऊ नये म्हणून तुम्ही सगळी काळजी घेतली होती, हे सिद्ध केलं तर सुटका होते. मात्र सिद्ध तुम्हाला करायचं आहे. कोर्ट सुरुवातच असं धरून करतं की मुलाने तुमच्या संमतीने गाडी नेली. रोज सकाळी तो त्याच गाडीवरून क्लासला जातो हे अख्ख्या आळीने बघितलेलं असताना आणि चावी दाराजवळच्या खुंटीला लटकत असताना तुम्ही काय सिद्ध करणार?

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरना उडवलं, दोघेही गेले. तेव्हा सगळीकडे चर्चा झाली ती मुलाला लिहायला सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाची. लोकांचा राग बरोबरच होता. पण त्या गडबडीत एक गोष्ट आपल्या कानावरून गेली. काही दिवसांतच मुलाच्या वडिलांना अटक झाली होती. ते पैशेवाले होते, मोठे वकील करू शकत होते. आपल्याकडे तसं काही नाही, म्हणून आपण आधीच जपलेलं बरं.

बरं, सोळा वर्षांच्या मुलाला लायसन्स मिळतं असं ऐकलंय, हा प्रश्न हमखास येतो. मिळतं, पालकांच्या संमतीने. पण ते ५० सीसीपर्यंतच्या, बिनगियरच्या दुचाकीसाठी. आज रस्त्यावर दिसणाऱ्या पेट्रोलच्या स्कूट्या त्याच्या कितीतरी वर आहेत. म्हणजे तुमच्या दारातल्या गाडीला अठराच पाहिजे. आणि बॅटरीची गाडी घ्यायला गेलात आणि दुकानदार म्हणाला, "हिला लायसन्स लागत नाही," तर त्याला विचारा, ही ताशी २५ किलोमीटरच्या वर जाते का? मोटर २५० वॉटपेक्षा कमी आहे का? कमी ताकदीची, २५ च्या आतली गाडी असेल तरच लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. हिरवी नंबरप्लेट लावून मिळाली, की ती पेट्रोलच्या गाडीसारखीच मोटार गाडी झाली.

आता अठरा पूर्ण झालेल्यांकडे येऊ. यात मुलगे आले, मुली आल्या आणि आपण स्वतःही आलो. कारण गटातल्या कितीतरी जणी तिशी-चाळिशीत पहिल्यांदा गाडीला हात लावतायत. नवशिक्याला वय नसतं.

आधी कच्चं लायसन्स. ते सहा महिने चालतं, आणि काढल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येत नाही. या काळातले नियम फारच थोड्या जणांना माहीत असतात. गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी 'एल' अक्षर पाहिजे. पाटी १८ सेंटिमीटरची, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. म्हणजे लांबून दिसेल असं, बोटाएवढं स्टिकर नव्हे. शिकणाऱ्यासोबत पक्कं लायसन्स असलेला माणूस पाहिजे. आणि दुचाकीवर मागे शिकवणाऱ्याशिवाय दुसरं कोणीही बसवायचं नाही.

म्हणजे बघा, कच्च्या लायसन्सवर पोरीला शाळेत सोडणं, जावेला मागे बसवून गटाच्या बैठकीला येणं हे नियमात बसत नाही. हे ऐकून बायका नाराज होतात, आणि मला ते समजतं. गाडी घेतली ती याच कामांसाठी. पण महिनाभराचा प्रश्न आहे. शिकताना तोल आपल्या एकटीच्या अंगाचा असतो. मागे माणूस बसला की ब्रेक लावताना त्याचं वजन पुढे येतं, वळताना तो उलटा झुकतो, आणि नवा हात गोंधळतो. नियम त्यासाठीच केलाय.

आणि मागे बसणारा शिकवणारा माणूस नवरा असेल, तर त्याने ओरडू नये असा काही नियम कायद्यात नाही. तो घरी करून घ्या.

मग एक दिवस पक्कं लायसन्स पोस्टाने घरी येतं. ते कार्ड हातात पडलं, की आपल्याकडच्या कायद्याला नवा चालक आणि वीस वर्षं गाडी चालवणारा चालक सारखेच. दोघांना वेगाची मर्यादा तीच. काल कच्च्यावर असलेला मुलगा आज तीन मित्रांबरोबर दोन गाड्यांवरून माळशेजला निघू शकतो.

बाहेर सगळीकडे असं नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स नावाचं राज्य आहे, सिडनी शहर त्यात येतं. तिथे परीक्षा पास झालेल्याला आधी लाल 'पी'ची पाटी लावावी लागते आणि रस्ता कितीही मोकळा असला तरी ताशी ९० च्या वर जाता येत नाही. मग हिरवी 'पी', तेव्हा १०० पर्यंत. मगच पूर्ण लायसन्स. उत्तर आयर्लंडमध्ये पास झाल्यावर एक वर्ष 'आर'ची पाटी लावायची आणि ताशी ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटरच्या आत राहायचं. ब्रिटनमध्ये दर गुन्ह्याला लायसन्सवर गुण चढतात. पहिल्या दोन वर्षांत सहा गुण चढले, की लायसन्स रद्द, आणि पुन्हा कच्च्यापासून सुरुवात. तिथली पोरं काही आपल्या पोरांपेक्षा वेंधळी नाहीत. फक्त त्यांच्या सरकारांनी मान्य केलंय की परीक्षा पास होणं वेगळं आणि गाडी चालवता येणं वेगळं.

आपल्याकडे ही मधली पायरी नाही. म्हणून ती घरात घालावी लागेल, आणि आरसी बुकावर जिचं नाव तिने ती घालावी, असं माझं म्हणणं आहे. पहिलं एक वर्ष ताशी ४० च्या वर नाही. अंधार पडल्यावर हायवेला नाही. पहिले काही महिने मागे मित्र नाही.

चाळीसच का? याचं गणित सोपं आहे. ताशी ४० ने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ताशी ६० ने जाणारी जवळजवळ १७ मीटर. समोर अचानक म्हैस आली, तर डोळ्याने बघून हात ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद जातोच. नवशिक्याला जास्त लागतो, कारण तो आधी घाबरतो. तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर तर वेगाच्या वर्गाने वाढतं. ४० चे ६० केले तर वेग दीडपट, पण ब्रेकनंतरचं अंतर सव्वादोन पट. आता आपला कल्याण-मुरबाड रस्ता डोळ्यापुढे आणा. म्हारळ, वरप, कांबा, गोवेली, रायते. मधे गावं, शाळा, फाटे, डंपर, आणि पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा, ज्याची खोली गाडी आत गेल्यावरच कळते. मुरबाड ते कल्याण सुमारे ३० किलोमीटर. सगळा रस्ता मोकळा मिळाला असं धरलं तरी ६० ने गेल्यावर पंधरा मिनिटं वाचतात. मोकळा तो कधी मिळतो, ते तुम्हीच सांगा.

मुलगा ऐकत नाही, हे मला माहीत आहे. पण तो एक गोष्ट ऐकतो, चलानाची. वेगमर्यादा ओलांडली तर हलक्या वाहनाला कायद्यात १ ते २ हजार रुपये दंड आहे, आणि पुन्हा सापडला तर लायसन्स जप्त होऊ शकतं. तिघे बसले किंवा हेल्मेट नसलं, तर दंड वेगळा आणि तीन महिने लायसन्सला अपात्र. ही ई-चलानं गाडीच्या नोंदणीला जोडलेल्या मोबाइलवर येतात. तो नंबर तुमचाच आहे ना, हे आज तपासा. बऱ्याच घरी तो मुलाने स्वतःचा दिलेला असतो, आणि दंड साचत जातो तरी आईला पत्ता नसतो.

आता विम्याचं सांगते, कारण घर यात बुडतं. नव्या दुचाकीसोबत समोरच्या माणसासाठीचा विमा पाच वर्षांचा येतो. २०१८ च्या सप्टेंबरपासून तो नियम आहे. पाच वर्षांनी तो संपतो आणि कोणी आठवण करत नाही. दुसरं, लायसन्स नसलेल्या माणसाला मालकाने जाणूनबुजून गाडी दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये यावर निकाल दिलेला आहे. एखाद्याचा पाय गेला, कमावता माणूस गेला, तर भरपाई लाखांत असते. मालक म्हणजे कोण? तुम्ही. आणि तिसरं. मालक-चालकाचा १५ लाखांचा जो अपघात विमा असतो, तो मालकाकडे स्वतःचं चालू लायसन्स असेल तरच लागू होतो, आणि तो फक्त मालकासाठी असतो. गाडी आईची, चालवतो मुलगा, तर त्या १५ लाखांतला रुपयाही मुलाला मिळत नाही.

म्हणून गटांना माझी एक सूचना आहे. गाडीसाठी कर्ज द्यायचं असेल तर ठराव लिहिताना दोन ओळी वाढवा: गाडी चालवणार कोण, आणि त्याचं लायसन्स अध्यक्ष-सचिवांनी बघितलं का. कच्चं असेल तर तसं लिहा. शेळीसाठी कर्ज देताना आपण गोठा बघून येतो, मग गाडीसाठी लायसन्स बघायला काय हरकत आहे? कोणी म्हणेल गट आमच्या घरात नाक खुपसतो. खुपसू द्या. त्या बाईवर खटला उभा राहिला तर तिचा हप्ता थकणार आणि तो गटालाच सांभाळावा लागणार.

ज्या गटांमध्ये आधीच गाड्या घेतल्या आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीला येताना आरसी बुक, विम्याचा कागद आणि घरात जो कोणी गाडी चालवतो त्याचं लायसन्स किंवा त्याची झेरॉक्स सोबत आणावी. विम्याची तारीख आपण तिथेच एकत्र वाचू. आणि ज्यांना स्वतःचं कच्चं लायसन्स काढायचं आहे, त्यांनी आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाइल आणावा. अर्ज ऑनलाइन भरता येतो. परीक्षेचे प्रश्न चिन्हांचे असतात, त्यांची उजळणी आपण बैठकीतच करून घेऊ.